जावयाचं खातं

कुणाचा मेल जात नाही, कुणाचा येत नाही, कुणाचा मेलबॉक्स भरून वाहतोय, असल्या तक्रारींनीच माझा दिवस सुरू होतो. शाहूपुरीत माझं दोन खोल्यांचं ऑफिस आहे आणि आसपासच्या कारखान्यांचे मेल मी सांभाळते. लोक काय काय उद्योग करून ठेवतात ते मला पाठ आहे. अर्ध्या गावाचे पासवर्ड अंबाबाईच्या नावाने सुरू होतात आणि एक-दोन-तीनवर संपतात. त्याला मी हसते आणि सोडून देते. पण सयाजी कास्टिंग्जमध्ये त्या दिवशी जे झालं त्याला मला हसता आलं नाही, आणि आठवलं की अजूनही डोकं फिरतं.

सकाळीच विजयसिंहदादांचा फोन आला. ते कारखान्याचे मालक. वडिलांच्या नावाने कारखाना काढलेला, पंपांचे बिडाचे भाग ओततात आणि परदेशी पाठवतात. म्हणाले, चोर सापडलाय, तुमची सही तेवढी पाहिजे.

झालं होतं असं. दादांच्या दोन मोठ्या ऑर्डरी हातच्या गेल्या होत्या, दोन्ही शिरोळकडच्या एका नव्या कारखान्याने पळवल्या. दुसऱ्या वेळी परदेशातल्या गिऱ्हाइकाने चुकून त्या कारखान्याचं ड्रॉइंगच दादांना पाठवलं. त्याच्या कोपऱ्यात दादांच्याच इंजिनिअरची टीप जशीच्या तशी होती, पुसायचीही तसदी कुणी घेतली नव्हती. म्हणजे ड्रॉइंग इथूनच बाहेर जात होती. ड्रॉइंग मेलने जातात, आणि ते मेल बघते तेजस्वी. तेजस्वी कुरुंदवाडची, रोज एसटीने येते-जाते, आणि तो नवा कारखाना तिच्या वाटेवर लागतो. बस, एवढाच पुरावा. एवढ्यावर दादांनी आदल्या दिवशी तिला हॉलमध्ये उभं करून सगळ्या स्टाफसमोर चोर म्हटलं होतं. आता त्यांना माझ्याकडून लिहून हवं होतं की ड्रॉइंग तेजस्वीच्या मेलबॉक्समधून बाहेर गेली. ते घेऊन ते पोलिसांत जाणार होते.

मी म्हटलं, आधी बघते, सहीचं नंतर.

केबिनमध्ये गेले तर दादांच्या खुर्चीत त्यांचे जावई बसलेले. राजवर्धन. जावई आले की दादा स्वतःची खुर्ची सोडतात आणि समोर, आम्ही बसतो त्या खुर्चीत बसतात. जावयांची कपबशीसुद्धा वेगळी, सोनेरी काठाची, ती एरवी कपाटात असते. तेजस्वी भिंतीला टेकून उभी होती, पर्स छातीशी घट्ट धरून, डोळे सुजलेले. तिला कुणी बस म्हटलेलं नव्हतं. मी खुर्ची ओढून दिली तर तिने मान हलवली.

राजवर्धन मला मेलबॉक्स कसा उतरवून घ्यायचा ते समजावून सांगायला लागले. मला! मग म्हणाले की अशा माणसांना एकदा धडा शिकवला की बाकीचे सरळ येतात. पोलिसांत नाव गेलं की जिल्ह्यात हिला कोण कामाला ठेवतंय, आणि लग्न तरी कुठं ठरतंय, ते हिने आधी बघायचं. हे सगळं चहा पिता पिता, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं. दादा प्रत्येक वाक्याला मान डोलावत होते.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे माझ्या रागाचं मूळ कळेल. मागे दादांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा राजवर्धन काही महिने कारखाना बघत होते. त्याच सुमाराला मी त्यांचे मेल जिन्याखालच्या जुन्या मशीनवरून क्लाउडवर नेले. सगळ्या मेलबॉक्सची मिळून एक मुख्य किल्ली असते. ती ज्याच्या खात्याला असते तो कुणाचाही मेलबॉक्स उघडू शकतो, बंद करू शकतो, कुणाचे मेल कुठे वळवायचे ते ठरवू शकतो. ती किल्ली माझ्याकडे होती आणि दादांच्या सांगण्यावरून राजवर्धननाही दिली होती. दादा बरे झाले, राजवर्धन शिरोळला आपल्या उसाकडे आणि डेअरीकडे परत गेले. किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहिली.

मी दरवर्षी दादांना सांगायचे की जो माणूस इथे कामाला नाही त्याच्याकडे ही किल्ली नको. दादांचं उत्तर ठरलेलं. जावयाला दिलेलं परत घ्यायचं, आमच्यात तसं न्हाय मॅडम. एका वर्षी मी न विचारता ते खातं बंद करून टाकलं. संध्याकाळच्या आत दादांची मुलगी मोना हिचा सासरहून रडत फोन आला, की माझ्या नवऱ्याचा तुम्ही अपमान केला. दादांनी मला खातं पुन्हा उघडायला लावलं, वर राजवर्धनना फोन करून माझ्या वतीने माफीही मागितली. लोक अधिक महिन्यात जावयाला बत्तासे, अनारशांचं वाण देतात. आमच्या दादांनी सर्व्हरची किल्ली दिली.

तर मी टेबलाच्या कडेला लॅपटॉप उघडला. तेजस्वीचा मेलबॉक्स धुतल्यासारखा स्वच्छ. तिने बाहेर पाठवलेला प्रत्येक मेल गिऱ्हाइकाला, नाहीतर गोदीच्या एजंटाला. खासगी एकही नाही. मग मी मेलबॉक्स सोडून सर्व्हरची नोंद काढली, कुठला मेल कुठून कुठे गेला ती. आणि तिथे ते दिसलं. तेजस्वीला येणाऱ्या आणि तिच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक जादा प्रत बाहेरच्या एका पत्त्यावर जात होती. पत्त्याला माणसाचं नाव नव्हतं, नुसती अक्षरं आणि आकडे. हे तिने केलेलं नव्हतं, तिला ते दिसणंही शक्य नव्हतं. तो नियम तिच्या मेलबॉक्समध्ये नव्हताच, वरून सर्व्हरवर लावलेला होता. लावणारं खातं राजवर्धनचं.

समोर हा माणूस बिस्कीट चहात बुडवून खात होता. ज्या पोरीच्या मेलमधून त्याने चोरी केली, तिच्याच लग्नाची त्याला काळजी पडली होती.

पण बोलून उपयोग नव्हता. मी तोंड उघडलं असतं तर राजवर्धन म्हणाले असते, माझा पासवर्ड कुणीतरी चोरला. आणि दादांनी ते मानलं असतं, कारण त्यांना तेच मानायचं होतं. बाहेरचा पत्ता कुणाचा हे मला सिद्ध करता येत नव्हतं. त्या पत्त्यावर येणारं कोण वाचतं, ते दादांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसायला हवं होतं. राजवर्धनचा फोन टेबलावर दोघांच्या मध्ये पडला होता, काच वर करून.

मी म्हटलं, "दादा, एक तपासणी करते. मी आता फक्त तेजस्वीला एक मेल पाठवते. दुसऱ्या कुणालाही नाही."

"करा की," दादा म्हणाले.

मी मेल पाठवला. तेजस्वीच्या पर्समध्ये तिचा फोन वाजला. पाठोपाठ टेबलावरचा वाजला.

राजवर्धननी फोनकडे बघितलं आणि बिस्किटाचा पुडा पुढे ओढला. दादांना काही वाटलं नाही, फोन काय, वाजतच असतात. मी म्हटलं, अजून एक पाठवते. या वेळी विषयाच्या जागी मी मराठीत लिहिलं, कारण दादांना इंग्रजी वाचता येत नाही. मी लिहिलं, 'जावईबापू, चहा गार होतोय.'

पुन्हा आधी पर्स वाजली, मग टेबल. फोनची काच उजळली. राजवर्धनचा हात पुढे आला, पण दादा जवळ होते. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला आणि वाकून वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द.

मी लॅपटॉप दादांकडे वळवला आणि सगळं सांगितलं, नियम कुणाच्या खात्यावरून लावला, कधी लावला, किती मेल गेले. त्या नव्या कारखान्यात राजवर्धनच्या चुलतभावाची भागी आहे हे मला माहीत नव्हतं. ते दादांना माहीत होतं, त्यांच्या तोंडावरूनच ते दिसलं. राजवर्धन घसा खाकरून म्हणाले की यात काहीतरी तांत्रिक घोटाळा आहे, पासवर्ड कुणीतरी चोरला असेल.

मला वाटलं आता दादा उठतील. तालमीत अंग कमावलेला माणूस, भट्टीवरच्या गड्यांना त्यांच्या नुसत्या खाकरण्याने घाम फुटतो. ते उठतील आणि याला खुर्चीतून ओढतील.

दादांनी हात लांब करून तो फोन पालथा घातला. आणि म्हणाले, "पावणं, चहा घ्या. खरंच गार हुतोय."

रागाने मला क्षणभर समोरचं दिसेना.

मग ते तेजस्वीकडे वळले. आवाज एकदम लोण्यासारखा. म्हणाले, "पोरी, झालं गेलं सोडून दे. पोलिसबिलिस काय न्हाय. उद्यापास्नं ये कामाला."

तेजस्वी भिंत सोडून पुढे आली.

"काल हॉलमधी समद्यांम्होरं चोर म्हनलासा दादा. आज दार लावून पोरी म्हनताय व्हय? बाहेर चला. काल जितं उभं केलं हुतं तितंच सांगा, की मी चोर न्हाय."

दादा खाली बघत म्हणाले, "ते कसं जमंल गं? मग चोर कोन ते सांगाय लागंल. माझी मोना हाय त्यांच्या घरात."

"माझ्या बी बापाचं घर हाय दादा," तेजस्वी म्हणाली. "आज एसटी स्टँडवर सोडताना त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाय."

तिचा आवाज चढला नाही. ती दार उघडून बाहेर गेली, आपल्या टेबलावरचं सामान आवरायला. दादा तिच्या पाठीकडे बघत राहिले. मला त्या क्षणी त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. लेक देऊन बसलेला बाप, त्याचा हात दगडाखाली. पण त्या दगडाखालून हात काढायला तो दुसऱ्याच्या लेकीला ढकलत होता, आणि ते बघून माझी दया आली तशी गेली.

मग दादांनी मला काम सांगितलं. सगळ्या स्टाफला मेल टाका, की सर्व्हर बिघडला होता, आता दुरुस्त केलाय, कुणाचाच दोष नाही. ती जादा प्रत बंद करा. आणि हळूच, राजवर्धनना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, जरी ते हातभर अंतरावर बसले होते, म्हणाले, "खातं तेवढं ऱ्हाऊ द्या मॅडम. काढलं तर पावण्यास्नी बरं वाटायचं न्हाय."

माझा सर्व्हर बिघडला होता म्हणे! इतकी वर्षं तो सर्व्हर मी पोटच्या पोरासारखा सांभाळला. पुरात गावाचे रस्ते बंद झाले, तेव्हाही यांचे मेल एक तास अडले नाहीत. आणि चोरी करणार यांचा जावई, नाव जाणार आधी त्या पोरीचं आणि मग माझ्या सर्व्हरचं. मी दादांना तोंडावर सांगितलं की तुमच्या घरात चोर शिरला तर तुम्ही त्याला पाट-पाणी कराल आणि राखणदाराला हाकलाल. राजवर्धन मोबाइल सोडून सगळीकडे बघत होते.

मी लॅपटॉप पुन्हा माझ्याकडे वळवला. पहिल्यांदा तो नियम काढला. मग राजवर्धनचं खातं बंद केलं, या वेळी कुणाचाही फोन आला तरी उघडायचं नाही असं ठरवून. या कारखान्याचं काम माझ्याकडून जाणार होतं, ते मला तेव्हाच कळलं होतं. जाऊ दे गेलं तर. मग दादांनी सांगितला होता तो मेल लिहायला घेतला, सगळ्या स्टाफला.

मी लिहिलं, 'आपला सर्व्हर बिघडलेला नव्हता. ड्रॉइंग तेजस्वीच्या हातून बाहेर गेलेली नाहीत. तिच्या मेलची प्रत राजवर्धन यांच्या खात्यावरून बाहेर वळवलेली होती. ती आज दादांच्या समोर बंद केली आहे. तेजस्वीला काल याच हॉलमध्ये चोर म्हटलं होतं, म्हणून हे सगळ्यांना कळवत आहे.' खाली माझं नाव घातलं, शिवांजली.

दादांनी विचारलं, लिहिलं का? मी म्हटलं, लिहिलं. आणि पाठवला.

केबिनला हॉलच्या बाजूने काच आहे. आधी कोपऱ्यात एक फोन वाजला, मग स्टोअरकडचा, मग एकामागून एक सगळ्या टेबलांवरचे. माना खाली गेल्या. कुणीतरी खुर्ची मागे सारून उभं राहिलं, मग दुसरं. तेजस्वी जेवणाचा डबा पिशवीत भरत होती. तिने फोन काढला, वाचला, पुन्हा वाचला, आणि डबा पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. मग तिने मान वर केली आणि काचेतून सरळ आमच्याकडे बघितलं. पाठोपाठ अख्ख्या हॉलने बघितलं.

काय झालं ते कळायला दादांना वेळ लागला. त्यांची नजर पहिल्यांदा टेबलावरच्या पालथ्या फोनवर गेली. हॉलमधले सगळे फोन वाजले होते, तेजस्वीचाही वाजला होता, आणि तिचा वाजला की पाठोपाठ हा वाजतो हे त्यांनी मघाशी दोनदा ऐकलं होतं, म्हणून ते हाही वाजायची वाट बघत होते.

तो वाजला नाही.