पंपाशेजारची कॉइल

खंडूच्या दुकानातून चार गोल्डफिश आणले, तेव्हा वर त्यालाच दोन सल्ले देऊन आलो. सल्ले देणं हा माझा छंदच आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर चारही मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकतायत. कल्ल्यांची उघडझाप थांबतच नव्हती. मी लगेच बिल्डिंगच्या ग्रुपवर ठणकावलं: 'कोपऱ्यावरच्या नव्या दुकानातून मासे घेऊ नका. आजारी माल गळ्यात मारतो.' बिचाऱ्याने महिन्यापूर्वीच दुकान उघडलं होतं. मेसेजखाली धडाधड अंगठे आले आणि मी खूश.

माझ्या बायकोने, कुंदाने, मला न विचारताच खंडूला फोन केला. संध्याकाळी तो दुकान बंद करून, पाण्याचे दोन कॅन घेऊन तीन जिने चढून आला.

"नळाच्या पाण्यात क्लोरीन घालवायच्या औषधाचे थेंब घातलेत ना, दादा?"

"न घालायला मी काय येडा आहे?"

त्याने वाकून माशांचे कल्ले पाहिले. मग टाकीतली हवेची नळी बोटाने चाचपत टेबलाखाली शिरला. तिथे पंप घरघरत होता आणि त्याला खेटून डासांची कॉइल जळत होती. विक्रोळीत खाडीकडून डास येतात, म्हणून रोज नेमाने मीच ती लावतो.

"पंप इथलीच हवा ओढतो ना. हा सगळा धूर पाण्यात जातोय. माशांना विषच ते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने कॉइल विझवली, पंप खिडकीत ठेवला, टाकीतलं थोडं पाणी काढून कॅनमधलं ओतलं. "आज खायला देऊ नका. सकाळी कळेल किती वाचतात ते."

चपला घालताना त्याने विचारलं, "आज तुमच्या बिल्डिंगमधल्या दोघांनी ऑर्डर कॅन्सल केली. काही ऐकलंत का?"

"नाही बुवा," मी पटकन म्हणालो.

खंडूने मान हलवली. "तुमचा ग्रुपवरचा मेसेज सकाळीच फॉरवर्ड होऊन आलाय मला. मासे तडफडतायत कळलं, म्हणून आलो."

रिकामे कॅन उचलून तो जिना उतरू लागला. हाक मारावी असं फार वाटलं, पण लाजेने मी नुसती दाराची कडी चाचपत राहिलो. कुंदाने थोडा वेळ माझी वाट पाहिली. मग तीच त्याच्यामागे धावली, माझ्या वतीने माफी मागायला. मी दारात उभा राहून ऐकत होतो.