आधी वाटे

ऊ सो पाइंग सया, म्हणजे आमचे मास्तर, आयुष्यभर गणित शिकवत आले. पातेइनमधली निम्मी पोरं त्यांच्या ओसरीवर चटईला चटई लावून शिकली. दॉ ओन च्वे सयांची बायको, म्हणून सगळ्यांची सया-कदो, मास्तरीणबाई. आता मास्तरीणबाई स्वतः आठवीतच घरी बसलेल्या, हे कोणी विचारायला जात नसे. लेकीचं लग्न उरकलं तेव्हा त्या नवऱ्याला म्हणाल्या, "को सो, मला दहावीला बसायचंय."

सयांना गंमत वाटली, पण बरंही वाटलं. पोरं यायच्या आधी दोघंच बसू लागले. बाई हुशार होत्या. 'क्ष' या पाहुण्याला एका बाजूला एकटा कसा बसवायचा, हे त्यांना आठवड्यात जमलं.

मग अपूर्णांक आले. सयांनी गणित घातलं, "टोपलीतल्या बदकाच्या अंड्यांपैकी तीन वाटे दोन वाटे विकली, ती चौदा भरली. टोपलीत होती किती?"

आमच्या बर्मी भाषेत अपूर्णांक असाच बोलतात. आधी वाटे किती केले ते, मग त्यातले घेतले किती ते; म्हणजे इथं दोन तृतीयांश. वरच्या वर्गांची पुस्तकं मात्र इंग्रजी, तिथं वरचा आकडा आधी. बाईंनी कानावर पडलं तसं मांडलं: तीन वर, दोन खाली. पुढं दोननं गुणलं, तीननं भागलं, एकही पायरी गाळली नाही. उत्तर आलं नऊ पूर्णांक एक तृतीयांश.

सया हसत सुटले. तेवढ्यात पोरं फाटकातून आत येत होती. "अरे, इकडे या," सयांनी हाक मारली. "सया-कदोंच्या बदकानं बघा, एक तृतीयांश अंडं घातलंय. आणि टोपलीत नऊ असताना ह्यांनी चौदा विकली. बाजारात बसवायला हवं ह्यांना."

पोरं खिदळली. बाईही जरा हसल्या. मग त्यांनी विचारलं, "पण वाटे केल्याशिवाय घ्यायचे किती, ते आधी कसं लिहितात?"

"ते इंग्रजांना विचार," सया म्हणाले. पोरं पुन्हा हसली.

दुसऱ्या दिवशी बाई बसल्या नाहीत. मासळी साफ करायची होती. तिसऱ्या दिवशी धुवायचे कपडे निघाले. सयांनीही फार ताणलं नाही, आणि इथंच माणूस चुकतो.

पुढं चाचणी झाली. पेपर तपासताना सयांचा हात थांबला. एकाआड एका पोरानं तीन वर आणि दोन खाली लिहिलं होतं. इतकी वर्षं ते 'धांदरटपणा' म्हणून यावर लाल रेघ ओढत आले होते, आणि विचारायचं ते विचारलं होतं फक्त बायकोनं. त्यांना स्वतःची लाज वाटली. सकाळी त्यांनी पोरांना नव्यानं शिकवलं: आधी आडवी रेघ, मग रेघेखाली वाटे, मग वर घेतलेले. पोरांना झटकन जमलं.

परीक्षेचा अर्ज घेऊन सया स्वयंपाकघरात गेले. बाई पाट्यावर मिरची वाटत होत्या.

"मा ओन, तुझं बरोबर होतं. आज तुझ्याच रीतीनं शिकवलं."

"ऐकलं मी. जमलं ना पोरांना? झालं तर."

"अर्ज आणलाय. अजून मुदत आहे. पोरांत नको बसायला, आपण दोघंच बसू."

बाईंनी वरवंटा थांबवला. आवाजात राग नव्हता, तो असता तर सयांना सोपं गेलं असतं.

"दोघंच तर बसलो होतो, को सो. पोरांना हाक तुम्ही मारलीत."

कोणत्याही पोराला, कुठली पायरी चुकली ते बोट ठेवून दाखवणारा माणूस अर्ज हातात धरून तसाच उभा राहिला.

"सरका जरा," बाई म्हणाल्या, "उजेड अडतोय."