घरात कोण कोण

लेकीने चपला दाराबाहेर काढल्या, म्हातारीसमोर जमिनीवर बैठक मारली, पाहणीचा कागद मांडीवर घेतला आणि विचारलं, "गेल्या महिन्यात पोटभर जेवायला मिळालं नाही, असं कधी झालं का, आजी?"

म्हातारीने आधी अंगावरची शाल सारखी केली, कोपऱ्यातल्या मांजराला हुसकावलं आणि भलतीकडूनच सुरुवात केली. थोरल्या सुनेचं दुखणं निघालं, तिची औषधं निघाली, पलीकडच्या गल्लीतल्या नळावरची भांडणं निघाली. लेक ऐकत होती. पेन गुडघ्यावर आडवं ठेवून, घड्याळाकडे न बघता, नुसती ऐकत होती.

दारातल्या स्टुलावर बसलेल्या आईने लेकीची पिशवी या मांडीवरून त्या मांडीवर घेतली. हीच का ती? फोनवर आपलं वाक्य पुरं व्हायच्या आत 'हो गं, कळलं, पुढे बोल' म्हणणारी? गुडघ्याचं सांगायला घेतलं की 'डॉक्टरकडे जा' म्हणून मोकळी होणारी?

म्हातारी वळसे घेत घेत शेवटी मुद्द्यावर आली. झालं होतं तसं. सुनेला कळू दिलं नव्हतं.

"बरं केलंत, सांगितलंत," लेक हळू आवाजात म्हणाली.

निघताना म्हातारीने तिचं मनगट धरलं. "पुढच्या वेळी तूच येशील ना? दुसरं कोणी आलं तर दार उघडायची नाही मी. सांगून ठेवते."

"मीच येणार."

क्षणभरही विचार न करता लेक म्हणाली. आई उठली आणि उगाचच स्टूल भिंतीला सरळ लावत राहिली. घरी कधी येणार, या प्रश्नाला गेली कित्येक वर्षं तिला एकच उत्तर मिळत आलं होतं. बघू, आई.

रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "किती पाल्हाळ लावते गं ती बाई."

"लावू दे. त्यातूनच कळतं."

"खाऊनपिऊन चांगली तुकतुकीत दिसते मला तरी."

"आई! काहीही बोलतेस. आणि त्या कडेने कशाला चालतेस? ट्रक येतात तिकडून. इकडे ये. इकडे म्हणतेय ना!"

आईने मागे वळून पाहिलं. म्हातारी अजून दारात उभी राहून दोघींकडे बघत होती. आपला झालेला पाणउतारा तिच्यापर्यंत पोचला, या विचाराने आईचे कान तापले.

आंतरराष्ट्रीय विकास या विषयात लेकीने परदेशी जाऊन पदवी घेतली, तेव्हा ते नाव शेजारणींना समजावताना आईच्या नाकी नऊ आले होते. "विकास, म्हणजे नक्की कशाचा गं?" असं त्या विचारत, आणि आई "सगळ्याचाच" म्हणून वेळ मारून नेई. त्या वर्गातली मुलं आता कुठल्या कुठे पांगली होती. एक जण मोठ्या निधीसंस्थेच्या काचेच्या कचेरीत बसतो, एक शिकवते, एकीने हे सगळं सोडून नवऱ्याबरोबर बेकरी टाकली. त्या बेकरीवालीच्या आईचा आईला मनापासून हेवा वाटे. लेक आधी दोन वर्षं टेबलाशी बसून आकड्यांचे तक्ते करत होती. मग म्हणाली, हे आकडे येतात कुठून ते मला बघायचंय. तेव्हापासून तीन वर्षांचा करार संपला की पुढचा करार, एक गाव सुटलं की दुसरं गाव. आताचा करार संपत आला होता. पुढचा याच वस्तीसाठी होता, त्यावर सोमवारी सही व्हायची होती.

आई आली होती ती त्यासाठीच. घराजवळच्या प्रशिक्षण संस्थेत हाच विषय शिकवायला माणूस हवं होतं. तिथल्या मुख्य बाईंनी आईला थांबवून सांगितलं होतं, विचारा तुमच्या मुलीला. फक्त विचारायचं होतं. पण लेक सकाळी वस्तीत, दुपारी कचेरीत, रात्री जेवता जेवता डोळे मिटणारी. आईचा प्रश्न ओठांपर्यंत यायचा आणि परत जायचा.

तसं परक्यांशी गोड आणि घरच्यांशी तुटक वागणं आईलाही नवीन नव्हतं. तिची सगळी नोकरी वीजबिलाच्या खिडकीत गेली होती. तिच्या गोड बोलण्याची इतकी ख्याती, की शेजारची रांग सोडून लोक तिच्या रांगेत यायचे. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तिचा जबडा दुखायला लागायचा. मग पाटी घेऊन मागे मागे फिरणाऱ्या लेकीला 'आता नको गं, डोकं खाऊ नकोस' एवढंच मिळायचं.

शुक्रवारी कचेरीत नव्या मुलींचा सराव होता. कचेरी म्हणजे टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्या. वस्तीत जाण्याआधी मुलाखत कशी घ्यायची ते या मुलींनी कोणावर तरी करून बघायचं, अशी पद्धत. ज्या बाईने उत्तरं द्यायला यायचं कबूल केलं होतं, ती आलीच नाही.

"मी बसते की," आई म्हणाली.

लेक जरा घुटमळली. "खरी उत्तरं द्यायची हं. मुलींना शिकायचंय. आणि मी मध्ये बोलणार नाही, तसा नियमच आहे."

समोर बसलेली नवी मुलगी घसा खाकरून म्हणाली, "काकू, घरात कोण कोण असतं?"

"मी आणि माझी लेक."

मुलगी अडखळली. तिने लेकीकडे पाहिलं. "ताई, वर्षातले निदान सहा महिने त्या घरात राहून जेवणारं माणूसच धरायचं ना? मग..."

तो नियम लेकीनेच ठरवला होता. दूर शहरात कमवायला गेलेली मुलं कागदावर घरात दिसतात आणि मागे राहिलेली म्हातारी माणसं एकटी आहेत हे कळतच नाही, म्हणून.

"तिची खोली आहे," आई म्हणाली. "कपाट आहे. तिचं पांघरूण मी आजही उन्हात घालते."

लेक पेनाचं टोपण काढत होती, लावत होती.

"नाही धरायचं," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा."

मुलीने खाली मान घालून 'एक' लिहिलं. "आजारी पडलात तर पहिल्यांदा कोणाला बोलावता?"

आईलाही आता चेव आला. खरं हवंय ना? घ्या. "खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला."

"आणि घरच्यांना कधी कळवता?"

"बरी झाल्यावर."

"हे कधी झालं?" लेक खुर्चीतून उठलीच.

"तू मध्ये बोलायचं नाहीस ना?"

"आई, मी विचारतेय, कधी झालं हे? काय होत होतं तुला? फोनवर तर 'ठणठणीत आहे' म्हणायचीस! शिंप्याला बोलावलंस! तो काय टाके घालणार होता?"

नव्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. ताईंचा असा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. मुलाखत तिथेच मोडली. दुपारभर लेक आईशी धड बोलली नाही, आणि आईचा प्रश्न पोटातच राहिला.

रविवारी परतीची बस होती. लेक रिक्षा आणायला गेली तेव्हा आईला आठवलं, आपली छत्री त्या दिवशी म्हातारीकडेच राहिली. ती एकटीच गल्लीत शिरली.

म्हातारीने छत्री दाराआड जपून ठेवली होती. पण हातात देईना. "बस जरा. तिची आई ना तू? त्या दिवशी रस्त्यात कशी ओरडत होती तुझ्यावर!"

"सवयच आहे तिला," आई ओशाळून म्हणाली. "तुमच्याशी मात्र अगदी साखर पेरते."

"साखरच," म्हातारी म्हणाली आणि मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "माझ्यावर नाही ओरडत कधी. मुद्दाम करून बघितलं मी. पाणी उकळून पिते, पण नाही पीत म्हणून सांगितलं. म्हटलं, आता तरी तडकेल. तर तिने लिहून घेतलं आणि म्हणाली, बरं केलंत, सांगितलंत." तिने नक्कल हुबेहूब केली. "माझी पोरगी असती तर भांडं आपटलं असतं तिने."

"कुठे असते ती?"

"नाही आता." म्हातारीने छत्री पुढे केली, पण दुसरं टोक सोडलं नाही. आईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत ती म्हणाली, "तुझं बरंय बाई."

ती नजर आईच्या ओळखीची होती. लेक म्हातारीचं ऐकत होती तेव्हा तीच नजर घेऊन ती याच दारातल्या स्टुलावर बसली होती.

बसस्थानकावर लेकीने सामान बाकाशी ठेवलं. "तू मला काहीतरी विचारणार होतीस. आल्यापासून बघतेय, घोळतंय तुझ्या मनात. विचार की. उद्या मग मी सहीच्या गडबडीत असेन."

आईने तिच्याकडे पाहिलं. उन्हाने रापलेलं कपाळ, पिशवीच्या पट्ट्याने खांद्यावर चुरगळलेला कुर्ता.

"विसरले बघ," ती म्हणाली.

बस फलाटाला लागली. माणसं उठायला लागली. आईने पिशवी चाचपली, पुन्हा चाचपली. "अगं, माझ्या गोळ्या कुठे गेल्या?"

"आई! कमाल आहे तुझी! सकाळीच सांगितलं होतं ना, वरच्या कप्प्यात ठेव म्हणून? ऐकशील तर शपथ! आणि वाटेत काही झालं तर काय, पुन्हा तो शिंपी?" लेक तिथेच फरशीवर गुडघे टेकून बसली आणि पिशवीतली एकेक वस्तू बाहेर काढायला लागली. "हे काय, दोन दोन टॉवेल? कशाला ही ओझी वाहतेस? मागच्या वेळीही हेच..."

आई ऐकत राहिली. मध्ये एक शब्द बोलली नाही, बसकडे बघितलं नाही. हातातली छोटी पर्स, जिच्यात गोळ्यांची पट्टी होती, ती तेवढी तिने छातीशी घट्ट धरली.