मागच्या खोलीचं दार

"जायचं तर जा. अडवलंय कुणी?"

चाळीस वर्षं झाली, थोरल्या जावेचा हा आवाज ओकदानच्या कानातून गेला नव्हता. बिऱ्हाड हातगाडीवर चढलं, नदीपल्याडच्या उंच इमारतीत उतरलं. आवाजही संगे आला, तिथेच राहिला.

तरी शरदातल्या सणाआधी लाकडी जाळीच्या दारांना नवा कागद लावायला ती दरसाल या गल्लीत यायची. कोरियातलं हे जोंजू शहर चहूअंगांनी उंच झालं, पण काळ्या कौलांची ही वस्ती मधोमध तशीच, पिल्लांवर पंख पसरून बसलेल्या कोंबडीसारखी.

यंदा नवरा गेला आणि ओकदान एकटी झाली होती. लेक बुसानला बोलावत होता, महिनाअखेर निघायचं होतं; पिलनामलाही तसं कळवलं होतं. जीव मात्र या अंगणात अडकलेला. पण ज्या घरानं जाताना अडवलं नाही, त्याला 'राहू का?' म्हणून कसं विचारायचं?

थोरली जाऊ पिलनाम कढईत खळ ढवळत होती. फिरायला आलेली, भाड्याच्या रेशमी पोशाखातली एक पोरगी अंगणाच्या दारातून डोकावली. "आजी, इथे खरंच कुणी राहतं?"

"छे गं! आम्ही दोघी पुतळे. संध्याकाळी पुसून ठेवतात."

पोरगी हसत पळाली. पिलनाम मनगट चोळत म्हणाली, "हात चालत नाही गं. मागच्या खोलीचं दार दरसाल मीच करते, यंदा तूच काढ." आणि एकदम चपापली. "नको, राहू दे ते."

तोवर ओकदान मागं पोचलीही होती. ही खोली कधीकाळी तिची. गल्लीतल्या घरोघरी खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात; ही मात्र कधी दिली नाही. भिंतीला ओल आहे, म्हणायची पिलनाम. ओकदाननं भिंतीला हात लावला. खडखडीत कोरडी.

तिनं दार अंगणात आणलं, जुना कागद भिजवला. कडीपाशी कागदाच्या दोन पदरांमध्ये कॉसमॉसचं एक गुलाबी फूल निजलं होतं. जिची खोली, तिच्या आवडीचं फूल तिच्या कडीपाशी, ही या घराची रीत. पुढच्या दारांत पिलनामची शेवंती. कॉसमॉस ओकदानचं, नवी नवरी होती तेव्हापासूनचं. कागद दरसाल बदलतो. म्हणजे फूलही.

"जाऊबाई, हे कुणी ठेवलं?"

"वाऱ्यानं."

"दोन कागदांच्या मध्ये?"

"आमच्या गल्लीतला वारा हुशार आहे."

दोघींनी नवा कागद ताणून चिकटवला. ओकदाननं कुंपणाशी जाऊन ताजं फूल खुडलं, पण हातातच धरून ठेवलं. पिलनामनं पाण्याची चूळ भरली; ती कागदावर फुंकरायची, मग उन्हात कागद ढोलकीसारखा तटतटतो. पण फुंकरेना. गाल फुगवून जावेच्या हातातल्या फुलाकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग फुर्रकन फवारा उडाला, अर्धा दारावर, अर्धा ओकदानवर.

"त्या दिवशी गाडी वळेस्तोवर याच दाराआड उभी होते मी," पिलनाम तोंड पुसत म्हणाली. "तोंडातून भलतंच गेलं गं. जाऊ नको म्हणायचं होतं. लाव ते फूल. जाऊ नको."