नऊ आणि चौदा

दशांशकाकांना ते नाव उगाच पडलं नव्हतं. कुणी किती वाजले म्हणून विचारलं, तर ते 'सव्वाचार' म्हणत नसत, 'चार पूर्णांक पंचवीस' म्हणत. तोवर विचारणारा निघून गेलेला असे. माणूस सरळ, इतका सरळ की टेबलावरची पट्टी त्यांच्यापुढे वाकडी वाटावी.

गणिताच्या संस्थेच्या तळघरात त्यांना एक खोली होती. खोलीत एक खुर्ची, एक टेबल आणि एक मशीन. मशीन दिवसभर घुं घुं करी आणि थंडीत काकांचे पाय शेकून देई. त्या मशीनवर त्यांनी अकरा वर्षं खपून एक प्रोग्रॅम उभा केला होता. आकडा घाला, समीकरण घाला, उत्तर हजर. फुकट. आणि नुसता फुकट नव्हे, आतली सगळी वीण उघडी. ज्याला हवी त्याने उसवून बघावी, दुरुस्त करावी, चार जणांना वाटावी. साध्या फोनवरूनही तो चाले. तो वापरतं कोण, हा प्रश्न मात्र काकांना अकरा वर्षांत कधी पडला नाही. तो पडला नव्या संचालकबाईंना.

"वरच्या सभागृहात दोनशे खुर्च्या जास्त झाल्यात," बाई म्हणाल्या. "मला तळघरातली खोली हवी आहे."

"तिथे मशीन आहे, मॅडम. ते बंद झालं तर प्रोग्रॅम बंद होईल."

"वापरतात किती जण?"

"आम्ही मोजत नाही. नळावर पाणी प्यायला आलेल्याला कुणी नाव विचारत नाही."

"नळालाही मीटर असतं, सर." बाईंनी कॅलेंडरवर बोट ठेवलं. "महिनाअखेर पाचशे जण दाखवा. नाहीतर खुर्च्या खाली येतील."

काका खाली आले. अकरा वर्षांत ज्यांनी त्यांना मेल केली होती त्यांची यादी त्यांनी काढली. चौदा जण निघाले. त्यातले दोघे एकच होते. एका गृहस्थांनी नोकरी बदलल्यावर नव्या पत्त्यावरून जुनीच शंका पुन्हा विचारली होती.

मग काकांनी जाहिरात केली, म्हणजे त्यांना जमेल तशी. एक मोठं पत्रक छापलं, त्यावर एक समीकरण, आणि ते सोडवलं की प्रोग्रॅमचा पत्ता मिळणार. पत्रक तीन कॉलेजांच्या भिंतींवर आठ दिवस होतं. एका विद्यार्थिनीने ते सोडवलं आणि पत्त्यातला सातवा अंक चुकल्याचं कळवलं. पत्ता तिच्याकडे आधीपासूनच होता. नंतर काकांनी एका परिषदेत भाषण दिलं. समोर अकरा माणसं होती. सहा चहासाठी थांबली होती, चार झोपली होती आणि अकरावा पुढचा वक्ता होता.

शेवटी ते थोरल्या बहिणीकडे गेले. आक्का शिवणकाम करी. चाळीस वर्षं एकाच मशीनवर बसून तिची मान डावीकडे झुकली होती, त्यामुळे ती सगळ्या जगाकडे संशयाने बघते असं वाटे, आणि ते खरंच होतं.

"तुझं गिऱ्हाईक किती आहे, तुला कसं कळतं?" काकांनी विचारलं.

"कपडा नीट असेल तर काही कळत नाही," आक्का दोरा दातांनी तोडत म्हणाली. "लोक घालतात आणि मला विसरतात. बटण तुटलं की मात्र सगळे दारात. ज्यांची नावं मी विसरले ते पण."

"मग?"

"मग काय? एक बटण सैल शिव."

काका दोन दिवस जेवले नाहीत असं लोक म्हणतात; खरं म्हणजे एकच दिवस, आणि तोही संध्याकाळपर्यंत. प्रोग्रॅममध्ये मुद्दाम चूक घालायची, म्हणजे आपल्याच लेकराला खोटं बोलायला शिकवायचं. दोन आणि दोन पाच म्हणणारा प्रोग्रॅम त्यांच्या हातून होणं नव्हतं. शेवटी त्यांना एक मधली वाट सापडली. प्रोग्रॅममध्ये 'जोड्या' नावाची एक आज्ञा होती. कुठलाही आकडा घातला की तो कोणत्या दोन आकड्यांच्या गुणाकाराने होतो ते सगळं ती सांगे, लहान आकडा आधी, मोठा नंतर. एकशे सव्वीस घातले की शेवटची जोडी येई: नऊ, चौदा. काकांनी ती उलटी केली. चौदा, नऊ. उत्तर खरंच, फक्त उलटं. सोमवारी सकाळी त्यांनी नवी आवृत्ती सोडली आणि हात जोडून बसले.

मंगळवारी एकही तक्रार नाही. बुधवारी नाही. गुरुवारी एका प्राध्यापकांची मेल आली की नवा क्रम डोळ्यांना बरा वाटतो. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांना ते आपलं गिऱ्हाईक समजत होते, ते सगळे गणिती होते. नऊ चोक आणि चार नव्वे यांत फरक नसतो, हे त्यांना लहानपणी एकदा पटलं होतं आणि तेव्हापासून त्यांनी तिकडे पाहिलंच नव्हतं. असं सैल बटण त्यांच्यापुढे लोंबकळलं तरी ते म्हणणार, अंगरखा तोच आहे.

महिना संपायला पाच दिवस उरले होते. काकांनी मशीनवरची धूळ पुसली आणि खुर्च्यांना किती जागा लागेल ते मनातल्या मनात मोजलं. शंभर खुर्च्या मावल्या असत्या, दोनशे नाही.

शुक्रवारी सकाळी मेल आली. खाली सही होती, 'एक फरशीवाला'.

"जोड्यावाले साहेब, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? आमच्या धंद्यात पहिला आकडा दाराच्या बाजूने आडवा आणि दुसरा आत जाणारा. वर्कशॉपमध्ये आम्ही फरश्या जाळीवर चिकटवूनच नेतो. पोरं फोनवर बघतात आणि चिकटवतात. नऊ आडव्या हव्या होत्या, चौदा लागल्या. आता तो अख्खा पट्टा गिऱ्हाइकाच्या बोळात उभा आहे. दारातून जात नाही, बोळात वळत नाही आणि मागे फिरत नाही."

काकांनी ती तीनदा वाचली. चौथ्यांदा वाचेपर्यंत खाली आणखी बारा आल्या होत्या.

दुपारपर्यंत एकशे चाळीस. फरशीवाले होते, खोकी भरणारे होते, रोपांच्या वाफ्यांचे माळी होते, गोधड्या शिवणाऱ्या बायका होत्या. एका बँडच्या म्होरक्याने लिहिलं होतं की सात आडवे आणि तेरा उभे असे त्याचे वाजवणारे अरुंद गल्लीतून जायचे, ते आता तेरा आडवे निघाले आणि दोन्हीकडच्या भिंतींना घासून ढोलांचा रंग गेला. एका अंडीवाल्याचं दुःख तर इथे सांगण्यासारखं नाही. शनिवारी संध्याकाळी मेल मोजल्या तर सहाशे बारा. गणिती एकही नव्हता.

काका यादी छापायला निघाले, तोच जिन्यावर पावलं वाजली. संचालकबाई खाली येत होत्या आणि मागे एक माणूस होता, कमरेला मोजपट्टी, गुडघ्यांवर सिमेंट.

"हेच का ते?" बाईंनी त्याला विचारलं.

"पत्ता तर हाच आहे," फरशीवाला खोलीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं मोठी फॅक्टरी असेल."

"सर, चार दिवस झाले मी आंघोळीला धाकट्या बहिणीकडे जातेय," बाई म्हणाल्या. "माझ्या बोळात बाथरूमची जमीन उभी आहे. हा म्हणतो चूक प्रोग्रॅमची. आणि प्रोग्रॅम माझ्याच तळघरातला."

आता काकांना एक वाक्य बोलून सुटता आलं असतं: चूक झाली, मॅडम. खोली वाचली असती. पण पट्टी वाकत नाही ती नाहीच.

"चूक नाही," ते म्हणाले. "मी मुद्दाम उलटं केलं. माणसं मोजायला."

फरशीवाल्याने मोजपट्टी कमरेची काढून हातात घेतली, मग उगाचच पुन्हा खोचली.

"आणि किती निघाली?" बाईंनी विचारलं.

"सहाशे बारा."

"मला धरून?"

"तुम्ही मेल केली नाहीत, मॅडम."

बाई खुर्चीवर बसल्या. खोलीत ती एकच होती, म्हणून काका उभेच राहिले. बाईंनी यादी मशीनवरच वरपासून खालपर्यंत वाचली. अंडीवाल्यापाशी त्या थोड्या थांबल्या.

"खोली राहू द्या," त्या म्हणाल्या. "पण उद्या सकाळपर्यंत सरळ करा. आणि पुढच्या वर्षी मला पुन्हा आकडा लागेल. तेव्हा काय उलटं करणार?"

काकांनी मनात हिशेब केला. एकदा जोड्या सरळ झाल्या की सहाशे बारा जण पुन्हा गप्प होणार, आक्काच्या गिऱ्हाइकांसारखे.

"पुढच्या वेळी उलटंबिलटं काही नको," फरशीवाला दारातून म्हणाला. "मी बघतो."

रविवारी सकाळी जोड्या सरळ झाल्या. बाईंची जमीन पुढच्या आठवड्यात आत गेली. आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला काकांनी मशीन उघडलं, तर सातशे तीन मेल. प्रत्येकीत एकच ओळ: 'वापरतो आहे, कृपा करून कशाला हात लावू नका.' फरशीवाल्याने सगळ्या धंद्यांत निरोप फिरवला होता की तळघरात एक म्हातारा आहे, माणसं मोजायची लहर आली की तो जग आडवं करतो, तेव्हा त्याला दर महिन्याला आधीच सांगत चला.

अजून सांगतात. मागच्या महिन्यात आकडा चार हजारांवर गेला. संचालकबाईंची ओळही त्यात असते, कारण त्यांना आता स्वयंपाकघराची जमीन करायची आहे.

आक्काला हे सांगितल्यावर तिने मान आणखी डावीकडे केली. "एवढ्यांत गणिती किती?"

"एक," काका म्हणाले. "ते प्राध्यापक. क्रम पुन्हा बदलला म्हणून नाराज आहेत."