पाहुणीसाठी सोडलेलं पाणी

काकूंची सून चार दिवस राहायला येणार ही बातमी गावात बसच्या आधी पोचली.

काकू म्हणजे आमच्या बाजारपेठेतल्या शिवणवाल्या. शेतावरचे जाड सदरे, धान्याची फाटकी पोती, शाळेचे गणवेश, सगळं त्यांच्याच मशिनीखालून जातं. नवरा देवाघरी गेलेला, एकुलता एक मुलगा शहरात. तो फोनवर म्हणाला होता, "आई, औजारांच्या दुकानात मला काम मिळतंय, परत यायचंय गं. पण आधी ती गाव बघून जाऊ दे. तिला पटलं तरच."

त्या दिवसापासून काकूंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका शेतकऱ्याच्या सदऱ्याला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. तो बिचारा म्हणाला, "असू द्या काकू. सूनबाई राहायला आल्या की उजवी लावा." देवापुढे हात जोडले तरी त्यांना दुसरं मागणं सुचेना. घरात नातीचा आवाज होऊ दे, एवढंच.

आणि देवाच्या आधी गावच कामाला लागलं.

आमच्याकडे उंच टाकी एकच. पाणी गल्लीगल्लीनं सुटतं, तेही जेमतेम तासभर. चावी फिरवणारे पाणीवाले काका घरी येऊन सांगून गेले, "वहिनी, सूनबाईंनी केव्हाही नळ सोडावा, धार लागलीच पाहिजे. ते माझ्याकडे लागलं." डॉक्टर दवाखान्यात आठवड्यातून दोनदाच येतात. कंपाउंडरनं त्यांचा पांढरा कोट खुर्चीच्या पाठीवर अडकवला, टेबलावर अर्धा कप चहा ठेवला आणि दारं सताड उघडी टाकली. बघणाऱ्याला वाटावं, डॉक्टर आत्ताच हात धुवायला गेलेत.

सून आली, कडेवर नात. नातीला सगळे चिमणी म्हणायचे. चिमणीला दम्याचा त्रास. आईच्या पर्समध्ये औषधाचा फवारा कायम. गावातून फिरून आल्यावर सून म्हणाली, "आई, दवाखाना उघडाच होता हो. डॉक्टर आत असावेत, कोट दिसला. आणि दिवसभर पाणी. आमच्या इमारतीतसुद्धा नसतं."

काकूंच्या ओठांत दोरा होता. म्हणूनच बोलता आलं नाही, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

चिमणी मशिनीखाली बसून चिंध्यांची माणसं करायची, त्यांची लग्नं लावायची. काकू कापडाकडे कमी आणि खालीच जास्त बघायच्या.

मग एका सकाळी अख्ख्या गावाचे नळ कोरडे पडले. पाणीवाल्यांनी काकूंच्या गल्लीची चावी बंदच केली नव्हती. टाकी भरायची कुठून? लोक बादल्या घेऊन शेतातल्या विहिरीकडे निघाले. काकूंच्या दारावरून जाताना मात्र सगळे असे हसतमुख, जणू फिरायलाच चाललेत.

पाणीवाले काका येऊन पायरीवर बसले. "वहिनी, चूक झाली. सूनबाई घरात आहेत म्हटल्यावर चावी फिरवायला हातच धजेना." मग आवाज उतरवून म्हणाले, "पाइप फुटलाय म्हणून सांगू का त्यांना?"

सून आतल्या दारातच उभी होती. तिला हसू आलं. "काका, माझ्यासाठी गाव तहानलेलं ठेवलंत होय? अहो, पाणी भरून ठेवता येतं मला. पाण्याचं मी बघेन." मग काकूंकडे वळून म्हणाली, "डॉक्टर आहेत ना, मग बाकीचं होतं सगळं. मी ह्यांना हो कळवते, आई."

इतके दिवस ज्या शब्दासाठी जीव टांगणीला लागला होता, तो असा उंबऱ्यातच पडला. काकूंनी तो उचलायचा तेवढा बाकी होता. पाणीवाले काका तर मान डोलवायला लागलेही होते.

काकूंनी मशीन थांबवली.

"थांब पोरी. तो कोट नुसताच टांगलेला होता. डॉक्टर इथं राहत नाहीत. अवेळी लेकराला धाप लागली तर शेजारच्या गावापर्यंत गाडी शोधावी लागते, आणि गाडी मिळेलच असं नाही. लोकांनी माझ्या मायेपोटी केलं हे सगळं. मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले."

पाणीवाल्यांची मान खाली गेली. चिमणी खाली चिंध्यांशी काहीतरी पुटपुटत होती.

"तुम्ही हे सांगितलं नसतंत तर मी आलेच असते, आई."

"म्हणून तर सांगितलं गं."

सून त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. डोकं काकूंच्या गुडघ्याला टेकवलं. "राग नाही हो आला. पण आता कशी येऊ?"

"नकोच येऊस. इथं डॉक्टर येऊन राहिला की मीच फोन करीन."

"आणि तोवर?"

काकूंनी खाली वाकून चिमणीच्या केसांत अडकलेला धागा काढला. काढून झाला तरी हात तिथंच राहिला.

"तोवर सुट्टीला आणत जा हिला," त्या म्हणाल्या. "डॉक्टर येतात त्या दिवसांना धरून. तेवढं चालेल मला."

सुनेनं मान हलवली. पाणीवाले काका उठले, चपला शोधताना म्हणाले, "जातो. टाकीचं बघतो."

"आमच्या गल्लीला सगळ्यात शेवटी सोडा," सून म्हणाली.