आधी घरी

कॅप्टन हे नाव त्याला गल्लीने देऊन टाकलं होतं. फौजेत तो साधा शिपाई होता. पण डावा पाय गुडघ्याखाली लढाईत गमावून आलेल्या माणसाला नुसतं शिपाई म्हणायला गल्लीची जीभ रेटेना. आता हाच कॅप्टन नगरपालिकेच्या निवडणुकीला उभा होता आणि त्याच्या बायकोच्या डोक्याला नसता ताप झाला होता.

ताप तसा हवाहवासाच. इतकी वर्षं घराबाहेर पडायचं म्हटलं की याच्या जिवावर यायचं. आता सकाळी स्वतःहून नकली पाय चढवून, दाढी घोटून स्वारी तयार! ती शिवणकाम करायची. त्याच्या सगळ्या पँटींना डाव्या शिवणीत तिने लांब चेन लावून दिली होती, म्हणजे पायाचा पट्टा सैल झाला तर पुढाऱ्याला रस्त्यात आडोसा शोधत फिरायला नको.

प्रचाराची तऱ्हा मात्र उफराटी. हा पठ्ठ्या कुणाच्या घरी समोरून जाईचना! फौजेतली खोड: मोठा रस्ता टाळायचा, आडबाजूने शिरायचं. तिचा धाकटा भाऊ प्रचारप्रमुख. तो बिचारा पुढच्या दाराशी पत्रकं घेऊन ताटकळायचा आणि उमेदवार मागच्या बोळात कुणाच्या तरी न्हाणीघराशी उभा.

"ताई, सांग ना भाऊजींना! मतं पुढच्या खोलीत असतात."

"आणि गटार मागे तुंबलेलं असतं," कॅप्टन शांतपणे म्हणाला.

भांडी घासता घासता बायका त्याच्याशी मोकळेपणाने बोलायच्या, म्हातारे त्याला उलट्या बादलीवर बसवून गाऱ्हाणी सांगायचे. गल्लीला तो आवडायला लागला होता. तिला तर तो पुन्हा नव्याने आवडायला लागला होता, पण हे ती कशाला बोलून दाखवते!

आणि अशात भावाने शेवटच्या सभेचं पत्रक छापून आणलं. 'पाय कसा गेला? ऐका खुद्द कॅप्टनच्या तोंडून!'

पाय कसा गेला हे तिलाच ठाऊक नव्हतं. तिने जखमा धुतल्या होत्या, तो झोपेत ओरडून उठला की पाठीवरून हात फिरवला होता. पण त्या दिवसाबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता. एकदा विचारलं तेव्हा त्याचा चेहरा असा काही झाला, की पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही. सांगेल तेव्हा सांगेल, म्हणून ती थांबली. आणि आता ते भोंग्यावरून सगळ्या गावाला सांगणार? तिला भयंकर राग आला, आणि नवऱ्याच्या पायावरून आपण गावाचा मत्सर करतोय म्हणून लाजही वाटली.

कॅप्टनने पत्रक वाचलं, घडी घातली आणि एवढंच म्हणाला, "बघू."

सभेला शाळेचं मैदान भरलं. तो माइकपाशी उभा राहिला तशी पोरंसुद्धा गप्प झाली. तिने मान खाली घातली.

"पत्रकात छापलंय ते मी सांगणार नाही," तो म्हणाला. "ते मी अजून बायकोला सांगितलेलं नाही. इतकी वर्षं तिने वाट बघितली. तिच्या आधी तुम्हाला सांगितलं, तर मी घरी कुठल्या तोंडाने जाऊ? चला, आता गटाराचं बोलू."

मैदान खदखदून हसलं. भाऊ डोकं धरून बसला. ती मात्र हसता हसता रडत होती, आणि कोण बघतंय याची तिला पर्वा नव्हती.

घरी आल्यावर तो पलंगाच्या कडेला बसला. ती रोजच्यासारखी पट्टा सोडायला खाली वाकली, तर त्याने तिचे हात धरले.

"आज मी काढतो. तू इथे बस, माझ्याजवळ."

त्याने पाय काढून बाजूला ठेवला.

"आम्ही तिघं होतो," तो म्हणाला. "सगळ्यात लहान जो होता ना, तो फार बडबड्या होता."

तिने त्याचा हात मांडीवर घेतला आणि त्याचं सांगून होईपर्यंत सोडला नाही.